गृहीत धरलेला आकडा

हिंगणघाटसारख्या गावात संगणकाचे वर्ग चालवून ज्याने पोट भरले, त्याने नीतीच्या प्रश्नावर लिहायला बसावे हा थोडासा आगाऊपणाच आहे. ह्या विषयाचे माझे वाचन बेताचे. परंतु एक प्रश्न गेली वीस-बावीस वर्षे माझा पिच्छा पुरवीत आला आहे, आणि तो मला पुस्तकात भेटलेला नसून माझ्याच हातच्या कामात भेटलेला असल्यामुळे, तो दुसरे कुणी लिहील ही आशा मी आता सोडली आहे. प्रश्न साधा आहे. एखाद्याचे नुकसान होते. परंतु ते नुकसान करणारी कृती अशी कुणी केलेलीच नसते. कुणी खोटे बोललेले नसते, कुणी काटा मारलेला नसतो, कुणी काही लिहिलेलेही नसते. अशा वेळी जाब कुणाला विचारायचा? आणि विचारणारा आपल्याच दारात आला, तर त्याला काय सांगायचे?

आधी हकीकत सांगतो, म्हणजे प्रश्न हवेत राहणार नाही.

वणा नदीकाठचे आमचे गाव कापसाचे. महाराष्ट्रात १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि शेतकऱ्याने कापूस सरकारी खरेदीतच घालायचा असा दंडक पडला. तो पुढे तीस वर्षे चालला. २००२ च्या हंगामापासून खाजगी व्यापाऱ्यांना वाट पुन्हा मोकळी झाली आणि जिनिंगच्या फाटकांसमोर कापसाच्या बंड्या पुन्हा उभ्या राहू लागल्या. पुढल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका जिनिंगच्या मालकांनी मला बोलावणे पाठवले. हाताने लिहायच्या पावत्या बंद करून संगणकातून पावती काढायची, असे त्यांच्या मनाने घेतले होते. भरलेली गाडी काट्यावर तोलायची, मग रिकामी तोलायची, वजाबाकी करायची, भाव लावायचा, हमाली-तोलाई वजा करायची आणि चुकाऱ्याचा आकडा काढायचा. काम अवघड नव्हते. माझ्या वर्गातून नुकताच बाहेर पडलेला एक हुशार मुलगा मदतीला घेतला आणि आम्ही कामाला लागलो.

ह्या हिशेबात आर्द्रतेचे एक कलम असते. कापसात पाणी असतेच; पहाटेच्या दवात वेचलेल्या कापसात जास्त, दोन-चार उन्हे खाल्लेल्यात कमी. पाण्याच्या वजनाला कापसाचा भाव कोण देईल? आज कॉटन कॉर्पोरेशन ८ टक्क्यांपर्यंत आर्द्रता असली तर पूर्ण भाव देते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव उतरत जातो आणि १२ च्या वरचा कापूस ते घेतच नाहीत. आमच्या जिनिंगचा हिशेबही त्याच धर्तीचा होता. ८ च्या वर दर टक्क्यामागे क्विंटलला १ किलो कापायचा. त्यासाठी मोजयंत्र होते. त्याच्या सुया कापसात खुपसायच्या आणि आकडा वाचायचा.

आता थोडे माझ्या धंद्याविषयी. संगणकाच्या पडद्यावर आपल्याला ज्या चौकटी, बटणे, याद्या दिसतात त्यांना आमच्यात कंट्रोल म्हणतात. त्यांतले नेहमीचे विंडोजबरोबर आयते मिळतात. परंतु आयत्या चौकटीत कुणी आकड्याऐवजी स्वतःचे नाव लिहिले तरी ती ते निमूटपणे घेते. मला अशी चौकट हवी होती की जी फक्त आकडा घेईल, तो देवनागरीत दाखवील आणि १२ च्या वर गेला की लाल होईल. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय झाली होती, तेव्हा हे शक्य होते. अशी चौकट घरीच घडवावी लागते. सुताराने तयार दार न आणता जागेवर दार करावे, तसे.

चौकट घडवली म्हणजे काम संपत नाही. मी घडवलेली चौकट दुसऱ्याला वापरायची असते. पडद्याची मांडणी माझा विद्यार्थी करणार होता. त्यासाठी तो जुन्या धाटणीचा डायलॉग एडिटर वापरी, आणि त्या एडिटरला माझी चौकट काय चीज आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. म्हणून तिची ओळख करून द्यावी लागते. ही ओळख ठरावीक नमुन्यात द्यायची असते, आणि त्या नमुन्याचे नाव सीसीइन्फो. लग्नाच्या स्थळासाठी मुलामुलींची माहिती लिहून पाठवतात, त्यातलाच हा प्रकार. एडिटर प्रथम विचारतो, तुझ्याकडे एकूण किती वस्तू आहेत? संख्या कळली की तितके कोरे नमुने पुढे करतो आणि म्हणतो, भर.

हा नमुना भरताना मला त्या वेळी मौज वाटली होती. पहिल्या रकान्यात वस्तूच्या वर्गाचे नाव, शेवटचे शून्य धरून ३२ अक्षरांच्या जागेत. मग एका ओळीचे वर्णन, तेही ३२ अक्षरांत. मग रुंदी आणि उंची; पण ती इंचात किंवा ठिपक्यांत नाही, तर अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा आणि उंचीचा आठवा हिस्सा हे माप धरून. म्हणजे अक्षर मोठे केले की चौकटही त्याच प्रमाणात मोठी व्हावी. ज्याने हे माप ठरवले त्याला वापरणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी होती, असे मला अजून वाटते. पुढे वस्तूला कोणकोणती रूपे घेता येतात त्यांची यादी, आणि कुणी काहीच सांगितले नाही तर तिने कोणते रूप घ्यावे, तेही. त्याचप्रमाणे कुणी काहीच सांगितले नाही तर तिच्यात कोणता मजकूर असावा, ह्यासाठी २५६ अक्षरांची ऐसपैस जागा. अगदी शेवटी दोन रकाने राखीव. त्यांत शून्यच लिहायचे, पुढे कधी उपयोगी पडतील म्हणून.

‘कुणी काहीच सांगितले नाही तर.’ ह्यालाच आमच्या भाषेत डिफॉल्ट म्हणतात. ह्या शब्दाला मराठीत निरनिराळे प्रतिशब्द सुचवले गेले आहेत, पण मला आपला ‘गृहीत’ हा जुना शब्दच बरा वाटतो. त्यात धरण्याची क्रिया आहे, आणि क्रिया म्हटली की धरणारा कुणीतरी असावा लागतो.

ह्या नमुन्याविषयी एक गोष्ट मी त्याच आठवड्यात शिकलो. वर्गाचे नाव चुकले तर यंत्र क्षमा करीत नाही. ‘आर्द्रता’ हा शब्द रोमन लिपीत लिहिताना मी एका ठिकाणी शेवटी एक ‘ए’ लिहिला होता आणि दुसऱ्या ठिकाणी दोन. एवढ्यावरून सबंध पडदा उघडेना. एक चौकट न दिसणे वेगळे. त्या पडद्यावरच्या बाकीच्या सगळ्या निरपराध चौकटींसकट तो पडदाच उघडेना, आणि का उघडत नाही हेही यंत्र सांगेना. चूक सापडेपर्यंत आमचा अर्धा दिवस गेला. जे नाव सांगितले आहे तीच वस्तू मागे उभी असली पाहिजे, ह्याबाबत यंत्र इतके कडक असते.

बाजारही पूर्वीपासून नावाच्या बाबतीत असाच कडक होता, निदान तसा होऊ पाहत होता. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत, लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे गावाचे नाव राहिलेच नव्हते. ते कापसाच्या एका प्रतीचे नाव होते. ज्यांना नकाशावर वणा नदी दाखवता आली नसती, ते लोक आमच्या गावाचे नाव घेऊन भाव बोलत. असे नाव झाले की त्याच्याखाली दुसराच माल खपवण्याचा मोह होणारच. मुंबई इलाख्यात कापसातल्या लबाडीला शिक्षा देणारा कायदा १८२९ साली झाला, आणि १८६३ साली तो अधिक कडक करून पुन्हा करावा लागला, ह्यावरून तो मोह किती होता ते कळते. सरकी, माती, हलका कापूस चांगल्यात मिसळायचा आणि गाठीवर चांगले नाव लावायचे, ही लबाडी होती. तिच्यात लबाड माणूस होता. तो सापडला की पकडता येत होता. नाव एक आणि वस्तू दुसरी असा उघड विसंवाद तिथे होता.

परंतु गृहीताची गोष्ट अशी नाही. वर्गाच्या नावात एक अक्षर चुकले तर पडदा बंद. आणि त्याच नमुन्यात थोडे खाली, गृहीत मजकुराच्या रकान्यात, मी काहीही लिहिले तरी यंत्र हूं की चूं करीत नाही. तिथे खरे काय आणि खोटे काय, हे त्याने पडताळून पाहावे असे मागे काहीच नसते.

त्या रकान्यात मी ‘१०’ लिहिले.

मनचे लिहिले नाही. चाचणी चालू असताना मुनीमजींचा हात पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या चौकटीपाशी अडत होता. आकडा घातल्याशिवाय पावती पुढे सरकत नव्हती. मालक शेजारी उभे होते. ते म्हणाले, “सर, गर्दीच्या दिवशी प्रत्येक गाडीला मशीन कोण लावत बसणार? सरासरी टाकून ठेवा ना. दहा. ज्याचा कमी-जास्त असेल त्याचा मुनीमजी बदलून टाकतील.” त्यांच्या बोलण्यात मला काही वावगे दिसले नाही, आणि आज विचार केला तरी त्या माणसाच्या मनात पाप होते असे मी म्हणणार नाही. हंगामाच्या सुरुवातीचा ओला कापूस १२ च्या घरात जाई. त्याला १० लागले तर जिनिंगचेच नुकसान होते. मी दहा लिहिले, विद्यार्थ्याने ती चौकट उचलून पडद्यावर ठेवली, आणि दिवाळी उलटल्यावर काम सुरू झाले.

डिसेंबरात एका संध्याकाळी वडिलांचे एक जुने स्नेही माझ्या वर्गात आले. नदीपलीकडच्या एका खेड्यात त्यांची कोरडवाहू शेती. लहानपणी मी त्यांच्या बंडीत बसून पोळ्याला गेलेलो. त्यांनी धोतराच्या कनवटीतून पावती काढून माझ्यापुढे धरली.

“मास्तर, हे पाहून दे बरं जरा. वीस क्विंटल भरला म्हने, मंग पैसे कमी काऊन आले?”

पावती मीच आखलेली. कोणता आकडा कुठे असतो हे मला डोळे मिटूनही सांगता आले असते. वजन २० क्विंटल, आर्द्रता १०, कपात ४० किलो.

“आर्द्रतेचे कापले आहेत, काका.”

“दहा काऊन लावली? चार दिवस ऊन दाखवलं होतं मी कापसाले. वाळून कडकड वाजत होता.”

“मशीन लावून पाहिले होते का त्यांनी?”

“मशीनबिशीन काई नाई. कागदच हातात देल्ला.”

ह्या क्षणी मला सगळे कळले होते. वाचकांनाही कळले असेल. मी पावतीवरून पुन्हा एकदा नजर फिरवली, गुणाकार-वजाबाकी तपासल्यासारखे केले आणि म्हणालो, “हिशेब बरोबर आहे, काका.”

ते वाक्य खरे होते. दहा धरल्यावर चाळीसच येतात. काका समाधानाने उठले. मास्तरने पाहिले म्हणजे बरोबर असणार, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते. पावती टेबलावरच राहिली.

त्या रात्री मला झोप लागली नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. झोप लागली. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी स्वतःशी वाद घालू लागलो, आणि त्या वादात प्रत्येक वेळी मीच सुटत होतो, ह्याचाच मला पुढे संशय आला.

पहिला युक्तिवाद असा. ते दहा मुनीमजींनी बदलायचे होते. त्यांना तशी मोकळीक होती. चौकट कुलूपबंद नव्हती. मुनीमजी म्हणू शकत होते, मी तर काहीच लिहिले नाही, मी फक्त पुढे गेलो. माझा विद्यार्थी म्हणू शकत होता, सरांची चौकट मी जशी होती तशी ठेवली. एडिटरमध्ये त्याला तो मजकूर बदलता आला असता, परंतु आयत्या भरलेल्या गोष्टीला हात कशाला लावायचा? मालक म्हणू शकत होते, मी सरासरी सांगितली, आणि कमी-जास्त बदला असेही सांगितले. आणि मी म्हणू शकत होतो की मी एका नमुन्यातला एक रकाना भरला, त्यात कुणाचे नाव नव्हते, गाडी नव्हती, कापूस नव्हता. चौघांचीही बाजू बिनचूक होती. चौघेही आपापल्या जागी निर्दोष, आणि ४० किलो कापूस तर गेलेला.

हे चित्र मला तेव्हापासून अनेक ठिकाणी दिसू लागले. पूर्वी अन्याय करायला कुणाला तरी हात उचलावा लागे. काटा मारणारा माणूस काट्याच्या दांडीला बोट लावी. ते बोट दिसत असे, निदान दिसण्याची शक्यता असे. गृहीतात बोट एकदाच लागते, तेही कोणतीच गाडी समोर नसताना, पावसाळ्यात, एका खोलीत चहा पिताना. पुढे हजार गाड्यांना ते आपोआप लागत राहते.

दुसरा युक्तिवाद सरासरीचा. ओल्या कापसाला फायदा, वाळलेल्याला तोटा, हंगामभरात बरोबरी. जिनिंगच्या दृष्टीने हे खरे असेल. कापूस एकदा आवारात पडला म्हणजे त्याचा एकच ढीग होतो, आणि ढिगाला १० ही सरासरी कदाचित अगदी न्याय्यही असेल. परंतु शेतकरी ढीग आणत नाही. तो गाडी आणतो. ज्याने चार दिवस कापूस उन्हात घातला, पोरांना राखण बसवले, त्याच्या कष्टाचे दोन टक्के पहाटे वेचून तसाच भरून आणणाऱ्याला गेले, आणि दोघांपैकी कुणालाही ते ठाऊक नाही. कुणाचे तरी घेऊन कुणाला तरी देण्याचा हा उद्योग मी केला होता. धर्मशाळा बांधणारा निदान आपल्या पैशातून बांधतो.

तिसरा युक्तिवाद मला सर्वांत बळकट वाटे, आणि तो आपल्याकडे फार जुना आहे. मौन म्हणजे संमती. पावती छापून हातात पडली, काकांनी ती घेतली, चुकारा मोजून घेतला. हरकत असती तर तिथेच बोलले असते. आता विचार केला की वाटते, मौनाला संमतीचा अर्थ येण्यासाठी आधी प्रश्न विचारला गेला पाहिजे. वरातीच्या मांडवात ‘कुणाची हरकत आहे का’ असे विचारून लोक गप्प राहिले, तर त्या गप्प राहण्याला अर्थ आहे. इथे कुणी काही विचारलेच नव्हते. चौकट आधीच भरलेली असल्यामुळे प्रश्न उद्भवण्याची जागाच मी बुजवून टाकली होती. जे विचारलेच नाही त्याचे उत्तर ‘होय’ असे मी लिहून मोकळा झालो.

आमच्या मीमांसकांनी अध्याहाराचा विचार केला आहे. वाक्यात जे बोलले नाही पण ज्यावाचून वाक्य पुरे होत नाही, ते पद आपल्या पदरचे घालावे लागते. परंतु त्याला मर्यादा वाक्याच्या आकांक्षेची. वाक्याला जेवढी भूक आहे तेवढेच घालायचे, आपल्याला जे सोयीचे ते नव्हे. मला हा विचार गृहीताला तंतोतंत लागू वाटतो. चौकटीची रुंदी मी गृहीत धरली त्यात काही बिघडले नाही. रुंदीवाचून चौकट पडद्यावर उभीच राहू शकत नाही, आणि ती दोन अंगुळे कमी-जास्त झाल्याने कुणाचे काही जात नाही. परंतु आर्द्रतेची चौकट दुसऱ्याच्या मालाविषयी एक विधान करते. हा कापूस दहा टक्के ओला आहे, असे ती म्हणते. कापूस न पाहता हे विधान करण्याची भूक त्या वाक्याला नव्हती. ती आमच्या घाईला होती. आणि तो नमुना करणाऱ्याने रुंदी व मजकूर दोन्ही सारख्याच निर्विकारपणे एकाखाली एक ठेवले आहेत! त्याला दोष देता येत नाही. नमुना भरणाऱ्याने त्यांतला फरक ओळखायचा असतो.

आता कुणी म्हणेल की एका जिनिंगच्या पावतीतल्या आकड्यावरून एवढे तत्त्वज्ञान कशाला? ह्याला माझे उत्तर आहे. ज्या २००३ साली हे घडले, त्याच साली एरिक जॉन्सन आणि डॅनिएल गोल्डस्टाइन ह्या दोघांचा एक छोटासा लेख ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात आला. मला तो पुष्कळ उशिरा वाचायला मिळाला. मरणोत्तर अवयवदानाला किती लोकांची संमती आहे, ह्याची त्यांनी युरोपातल्या देशांत तुलना केली होती. जर्मनीत सुमारे १२ टक्के; शेजारच्याच ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून अधिक. भाषा एक, धर्म बहुतांशी एक. मग ऑस्ट्रियाचे लोक आठपट उदार? मुळीच नाही. जर्मनीत काही न बोलणाऱ्याचे उत्तर ‘नाही’ धरले जाई आणि ऑस्ट्रियात ‘होय’. एवढाच फरक. आपल्या देशात १९९४ च्या कायद्याने संमती मागावी लागते, ती गृहीत धरता येत नाही.

ह्या उदाहरणाने माझी थोडी पंचाईतही झाली, हे कबूल केले पाहिजे. ऑस्ट्रियातल्या गृहीताने माणसे वाचत असतील, तर गृहीत धरणे सर्वथैव वाईट असे कसे म्हणावे? मी तसे म्हणतही नाही. परंतु तिथे ते गृहीत लोकांच्या प्रतिनिधींनी कायदा करून ठरवलेले आहे. कुणी ठरवले आणि ते कुठे बदलता येते, हे शोधणाऱ्याला सापडते. माझे दहा कुणाला सापडणार होते? ते एका फाइलीच्या पोटात, एका नमुन्याच्या मजकुराच्या रकान्यात होते, आणि ती फाइल वाचू शकणारी माणसे सबंध तालुक्यात दोन असतील. त्यांतला एक मी.

त्याच नमुन्यात दुसराही एक लहानसा रकाना होता, तो मी पहिल्यांदा भरताना दुर्लक्षिला होता. पर्यायांची खूण. तिथे एक खूण केली की एडिटर समजून घेतो, ह्या वस्तूला मांडणीच्या वेळी मजकूर द्यायचा नाही. मग चौकट रिकामीच उघडते. म्हणजे ज्याने हा नमुना आखला त्याने ‘मी इथे काही गृहीत धरीत नाही’ असे म्हणण्याची सोयही ठेवलेली होती. जानेवारीत मी ती खूण केली, दहा पुसले, पडदा पुन्हा जुळवून घेतला आणि नवी फाइल घेऊन जिनिंगमध्ये जाऊन बसलो.

पहिल्याच गाडीला मुनीमजींनी ‘१०’ असे स्वतः टंकले. हाताला सवय झाली होती. मी मनात म्हटले, घ्या, झाले काय? शेतकऱ्याच्या दृष्टीने तर काडीचाही फरक पडला नाही. दुसऱ्या गाडीलाही तसेच. तिसऱ्या गाडीवाला खिडकीत कोपर टेकून उभा होता. त्याने मुनीमजींची बोटे हलताना पाहिली आणि विचारले, “काय टाकलं थे?”

“आर्द्रता.”

“मोजली कवा?”

मुनीमजींनी माझ्याकडे पाहिले. मग खण उघडून मोजयंत्र काढले आणि हमालाला हाक मारली.

ह्यावरून सगळे सुरळीत झाले असे कुणी समजू नये. त्या आठवड्यात फाटकाबाहेर गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत गेली. थंडीत रात्रभर बैल सोडून माणसे गाड्यांखाली निजली, आणि त्यांतल्या दोघा-तिघांनी मला चांगल्या शिव्या दिल्या. रिकाम्या चौकटीचे पैसे त्यांनी झोपेने भरले होते. मालकांनी बोलावून घेतले. दहा परत घाला म्हणाले. मी म्हटले, घालायचेच तर आठ घालतो. त्यावर ते हसून म्हणाले, “म्हणजे माझं नुकसान गृहीत धरणार?” ह्याला मजजवळ उत्तर नव्हते. आठ हेही न मोजताच केलेले विधान होते. चौकट हंगाम संपेपर्यंत रिकामी राहिली. पुढल्या वर्षी त्यांनी दुसऱ्याकडून काम करून घेतले. त्या नव्या कामात ती चौकट कशी उघडते, हे मी पाहिलेले नाही.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी सायकल काढून काकांच्या गावी गेलो. खिशात ४० किलो कापसाचे, त्यांच्या पावतीवरच्याच भावाने काढलेले पैसे होते. ओसरीवर बसून मी त्यांना सगळे सांगितले: नमुना, रकाना, दहा, आणि मी ‘हिशेब बरोबर आहे’ असे म्हणालो तेही. संगणकाचा भाग त्यांना कितपत समजला कुणास ठाऊक, पण शेवटचा समजला. त्यांनी पैसे घेतले नाहीत.

“तुयाकडं कुठी हायत माये पैसे? तुया घरी कापूस टाकला होता काय मी?”

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “त्याच दिशी सांगतलं असतं त मुनीमाशी भांडलो असतो. आता कोनाशी भांडू?”

मग त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितले आणि तुरीवर आलेल्या अळीविषयी बोलू लागले. निघताना पावती परत देऊ का म्हणून मी विचारले, तर त्यांनी हातानेच नको म्हटले. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. शाई पुष्कळ उडाली आहे, परंतु आर्द्रतेचा आकडा वाचता येतो.